निरोप आणि संवाद

हुबळी आणि धारवाड यांच्यामध्ये सुमारे वीस किलोमीटरांचे अंतर आहे. १९६२ साली दोन्ही गावांची मिळून एक महानगरपालिका झाली आणि कागदोपत्री ही जुळी नगरी एक झाली. २०१४ च्या नोव्हेंबरपासून हुबळीचे अधिकृत नाव हुब्बळ्ळी असे झाले असले, तरी मराठी माणसाच्या तोंडी अद्याप हुबळीच आहे. या दोन गावांमधून दिवसभर धावणाऱ्या 'चिगरी' बसमध्ये सकाळी नवाच्या सुमारास कोणी डोकावले, तर त्याला एक नित्याचे दृश्य दिसेल. धारवाडहून हुबळीच्या रेल्वे कचेरीकडे निघालेला कारकून, हुबळीहून धारवाडच्या उच्च न्यायालय खंडपीठाकडे निघालेला वकील, महाविद्यालयाचा विद्यार्थी, दवाखान्यातील परिचारिका, सर्वांच्या माना खाली आहेत आणि प्रत्येकाचा अंगठा हातातील काचेवर फिरतो आहे. वीस किलोमीटरांच्या त्या प्रवासात प्रत्येकाचे दहापाच माणसांशी काही ना काही बोलणे होते. शेजारी बसलेल्या माणसाशी मात्र होत नाही.

हे दृश्य पाहून उसासा टाकणे फार सोपे आहे. परंतु तो उसासा न्याय्य ठरेलच असे नाही. पन्नास वर्षांपूर्वीही याच मार्गावरील प्रवासी वर्तमानपत्रात डोके खुपसून बसत, आणि त्या काळच्या वडीलधाऱ्यांनीही त्यांना नावे ठेवलीच असतील. खरा प्रश्न निराळा आहे. निरोप पाठविणे आज इतके सुलभ, इतके स्वस्त आणि इतके शीघ्र झाले आहे की, याहून अधिक सुलभ ते होईल अशी कल्पनाही करवत नाही. मग त्याच प्रमाणात माणसामाणसांमधील संवादही सुलभ झाला काय?

निरोप आणि संवाद हे दोन शब्द व्यवहारात एकाच अर्थाने वापरले जातात. पण ते एक नव्हेत. निरोप एकतर्फी असतो. तो पोहोचला की त्याचे कार्य संपले. संवादाला दोन माणसे लागतात, आणि एकाचे म्हणणे दुसऱ्याच्या मनात उतरून त्याचे काही उत्तर उमटल्यावाचून तो पुरा होत नाही. कन्नडचे श्रेष्ठ कवी द. रा. बेंद्रे हे धारवाडचे. त्यांच्या घरची भाषा मराठी. त्यांनी जे मराठी लेखन केले, त्यातील एका पुस्तकाचे नावच 'संवाद' असे आहे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात धारवाडात त्यांच्याभोवती जे मित्रमंडळ जमले, ते 'गेळेयर गुंपु', म्हणजे मित्रांचा समूह, या नावाने कन्नड साहित्यात प्रसिद्ध आहे. आज प्रत्येकाच्या भ्रमणध्वनीत दहावीस 'ग्रुप' असतात. धारवाडला ही कल्पना शंभर वर्षे परिचित आहे, असे विनोदाने म्हणता येईल. फरक इतकाच की, त्या समूहातील माणसे एकमेकांसमोर बसत, काव्य ऐकवीत, वाद घालीत आणि वाद पुरा झाल्यावर उठत.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत धारवाड जिल्हा मुंबई राज्यात होता. नोकरी, शिक्षण आणि सोयरीक या तिन्ही वाटांनी येथील अनेक घरांचे पुण्यामुंबईशी नाते जडलेले होते, आणि ते टिकविण्याचे साधन म्हणजे टपाल. त्या पत्रांना स्वतःची एक रीत होती. शिरोभागी 'श्री', त्याखाली स्थळ आणि तिथी, वडिलांस 'तीर्थरूप' आणि 'शिरसाष्टांग नमस्कार', धाकट्यास 'चिरंजीव' आणि 'अनेक आशीर्वाद', मग 'विनंती विशेष' म्हणून मजकुराला प्रारंभ, आणि अखेरीस 'कळावे, लोभ असावा'. मृत्यूची वार्ता कळविणाऱ्या पत्रावर 'श्री' लिहीत नसत. पत्र हाती येताच, पहिली ओळ वाचण्यापूर्वीच, घरातील कर्त्या माणसाला काय घडले ते उमजे, आणि तो क्षणभर मन घट्ट करून पुढे वाची. हा निव्वळ उपचार नव्हता. वाचणाऱ्या माणसाच्या मनाचा आधी विचार करण्याची ती शिस्त होती.

पत्राच्या माध्यमातून संवाद किती खोल जाऊ शकतो, याचे उदाहरण शोधण्यास धारवाडच्या बाहेर जावे लागत नाही. मराठी कथेचे एक श्रेष्ठ शिल्पकार जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) यांनी आयुष्याची बहुतेक वर्षे धारवाडात काढली. तेथील जनता शिक्षण समितीच्या महाविद्यालयात ते इंग्रजी शिकवीत. सभासंमेलने त्यांनी कटाक्षाने टाळली, आणि माणसांच्या घोळक्यापासून ते दूर राहिले. परंतु ज्या माणसाला लोक एकलकोंडा म्हणत, त्याची पत्रे त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली तेव्हा त्यांचे कित्येक खंड भरले. त्यांतील पहिला खंड सुनीता देशपांडे यांना लिहिलेल्या पत्रांचा आहे, आणि सुनीताबाईंनी त्यांना लिहिलेली पत्रे 'प्रिय जी. ए.' या नावाने वाचकांसमोर आली. प्रत्यक्ष भेटी अगदी मोजक्या. पण पुस्तके, चित्रपट, माणसे, दुःख आणि मृत्यू यांविषयी त्या दोघांत झालेले बोलणे एका छताखाली राहणाऱ्या माणसांतही क्वचितच होत असेल. धारवाडहून निघालेले पत्र पुण्यास पोहोचून त्याचे उत्तर येईपर्यंत दिवसामागून दिवस जात. ते दिवस वाया जात नसत. लिहिणारा त्या अवधीत विचार करी, आणि वाचणारा वाचलेले मनात घोळवी.

तथापि, गेलेल्या काळाचे गोडवे गाताना दुसरी बाजू विसरता कामा नये. पत्र ही लिहितावाचता येणाऱ्यांची मिरास होती. ज्या आईला अक्षरओळख नव्हती, तिला मुलाचे पत्र पोस्टमनकडून किंवा शेजारच्या शाळकरी पोराकडून वाचून घ्यावे लागे; मनातले सांगण्यासाठीही तिला परक्याचा हात उसना घ्यावा लागे. सासरी गेलेल्या मुलीचे पत्र अनेक घरांतून आधी वडीलधाऱ्यांच्या नजरेखालून जाई, आणि 'मी येथे सुखरूप आहे' या चार शब्दांआड काय दडले आहे, हे माहेरला कधीच कळत नसे. तार ही तर भीतीचीच वस्तू होती. दारात तारवाला उभा राहिला की घरात रडारड सुरू होई, मग मजकूर परीक्षेत उत्तीर्ण झाल्याचा का असेना! आज त्या निरक्षर आईची नात काचेवरील एक बटण दाबून आजीला परदेशातील आपल्या भावाचा चेहरा दाखविते, आणि सासरी गेलेली मुलगी कोणालाही न विचारता, रात्री दोन वाजताही, आपल्या बहिणीला दोन शब्द लिहू शकते. ज्या माध्यमाने हे साधले, त्याला सरसकट दूषणे देणे हा कृतघ्नपणा होय.

हा पालट किती अल्प काळात झाला, ते पाहण्याजोगे आहे. भारतात पहिला भ्रमणध्वनी ३१ जुलै १९९५ रोजी वाजला, आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी, १५ ऑगस्टला, सामान्य नागरिकांसाठी इंटरनेटची सेवा सुरू झाली. व्हॉट्सॲप ही संदेशसेवा २००९ साली अमेरिकेत निघाली. १४ जुलै २०१३ हा भारतातील तारसेवेचा अखेरचा दिवस ठरला. दीडशेहून अधिक वर्षे ज्या सेवेने जन्ममृत्यूच्या वार्ता वाहिल्या, ती सेवा त्या रात्री कायमची थांबली. २०१६ च्या सप्टेंबरात स्वस्त 'डेटा'ची स्पर्धा सुरू झाली, आणि मग भाजीवाला, रिक्षावाला, शेतमजूर असे सर्वच जण या जाळ्यात आले. म्हणजे, ज्या माणसाने तरुणपणी पोस्टाच्या पेटीत आंतर्देशीय पत्र टाकले, त्याच माणसाला वार्धक्यात नातवाचे चलच्चित्र पाहावयास मिळत आहे. इतका मोठा बदल एकाच आयुष्यात पचविण्याची वेळ यापूर्वी क्वचितच कोणत्या पिढीवर आली असेल.

या बदलात धारवाड-हुबळीच्या मराठी माणसाच्या भाषेचे काय झाले, हा प्रश्न विशेष विचार करण्यासारखा आहे. प्रारंभीच्या लघुसंदेशात रोमन लिपीतील १६० अक्षरे मावत. देवनागरीत किंवा कन्नड लिपीत लिहिले तर अवघ्या ७० खुणा मावत. त्यातही काना, मात्रा आणि हलन्त यांची मोजणी स्वतंत्र. डोळ्यांना चार अक्षरे दिसणारा 'नमस्कार' हा शब्द यंत्राच्या हिशेबी सात खुणांचा होतो. संदेशामागे पैसे मोजण्याचा तो काळ होता, आणि यंत्रावर देवनागरी कळाही सहसा नसत. साहजिकच मराठी माणूस मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहू लागला. आज ती अडचण उरलेली नाही. देवनागरी कळफलक प्रत्येक यंत्रात आहे, आणि अक्षरांवर मर्यादाही नाही. पण कारण गेले तरी सवय राहिली. 'काकू' आणि 'काकू' उच्चारात एकच असली, तरी रोमन लिपीत ती कधी आखूड होते, कधी लांबते. 'ळ' आणि 'ल', 'ण' आणि 'न', 'ट' आणि 'त' यांचा भेद तर पुसूनच जातो. ज्या मुलांना मराठी रोमन लिपीतूनच डोळ्यांना दिसते, त्यांच्या कानांतूनही हा भेद हळूहळू निसटण्याचा धोका आहे.

परंतु याच माध्यमाने त्याच भाषेला दुसऱ्या दाराने आतही घेतले आहे. धारवाडच्या माळमड्डीसारख्या भागातील एखादे मराठी घर डोळ्यांसमोर आणावे. आजीचे शिक्षण मराठी शाळेतले. मुलगा कन्नड माध्यमात शिकला. नात इंग्रजी शाळेत जाते. घरात तिघेही मराठी बोलतात, आणि त्या मराठीत कन्नड शब्द साखरेसारखे विरघळलेले असतात. परंतु पुण्याच्या मावशीला मराठीत चार ओळी लिहिण्याचा प्रसंग आला, तर ते काम एकट्या आजीलाच जमते. पत्रांचा काळ संपला, आजीचा हात थरथरू लागला, आणि त्या घराचा मराठी पत्रव्यवहार बंद पडला. अशा घरी आज ध्वनिसंदेशाने पुन्हा मराठीचा ओघ सुरू केला आहे. ज्या नातीला 'ज्ञ' लिहिता येत नाही, ती यंत्राला तोंड लावून मावशीआजीशी भडाभडा बोलते, आणि मावशीआजीचे उत्तर तिच्याच आवाजात, तिच्याच हेलात परत येते. लिपी हरवली तरी बोली वाचली. ही काही लहान प्राप्ती नव्हे. मात्र ज्या घरात आजी आहे, तेथे सवड काढून नातीला बाराखडी शिकविण्याचे काम कोणतेही यंत्र करणार नाही. ते आजीनेच करावयाचे आहे.

आता कामकाजाच्या क्षेत्राकडे वळावे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे धारवाड येथील पीठ २००८ साली सुरू झाले, आणि २०१३ साली कायम झाले. त्यापूर्वी उत्तर कर्नाटकातील पक्षकाराला चारशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या बंगळूरची वाट धरावी लागे. करोनाच्या साथीनंतर तर वकिलाला आपल्या टेबलापाशी बसून दृक्‌श्राव्य माध्यमातून युक्तिवाद करणे शक्य झाले. अंतर इतके कमी झाले. पण त्याबरोबर नवे संकटही आले. २०२३ च्या डिसेंबरात काही समाजकंटकांनी या न्यायालयाच्या दृक्‌श्राव्य सुनावणीत घुसून अश्लील चित्रे दाखविली, आणि बंगळूर, धारवाड व कलबुर्गी या तिन्ही ठिकाणची ती सोय काही काळ बंद ठेवावी लागली. दगडी भिंतींच्या न्यायालयाला दाराशी शिपाई उभा करता येतो. अदृश्य दाराशी कोणाला उभे करावयाचे, हे अद्याप शिकावयाचे आहे.

निरोप पोहोचला म्हणजे काय, हा प्रश्नही न्यायालयांपुढे आलाच. संदेश पाठविणाऱ्याच्या यंत्रातून निघून कंपनीच्या संगणकापर्यंत गेला की एक खूण उमटते. समोरच्याच्या यंत्रात उतरला की दोन. आणि त्याने तो उघडला की त्या दोन्ही खुणा निळ्या होतात. निळ्या खुणांची ही व्यवस्था २०१४ च्या नोव्हेंबरात आली. जून २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका वसुलीच्या प्रकरणात असे मानले की, नोटीस व्हॉट्सॲपवर पाठविली गेली, ती पोहोचली, आणि सोबतचा कागद उघडलाही गेला, हे खुणांवरून दिसते. सबब ती बजावली गेली. नोटीस चुकविणाऱ्याची पळवाट अशी बंद झाली. परंतु जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना बजावले की, आरोपीने हजर राहावे म्हणून द्यावयाची नोटीस व्हॉट्सॲपवरून देता येणार नाही. ती कायद्याने सांगितलेल्या रीतीनेच दिली पाहिजे. या दोन निर्णयांत विरोध नाही. पैशाच्या वसुलीत खुणेवर विसंबणे चालू शकते. ज्या नोटिशीकडे दुर्लक्ष झाल्यास माणसाला अटक होऊ शकते, तेथे मात्र काचेवरील निळा रंग पुरेसा नाही.

नित्याच्या कचेरीतही हाच विवेक हवा. वरिष्ठाने रात्री साडेदहाला समूहावर एक ओळ टाकली. वरिष्ठाच्या यंत्रावर खूण निळी झाली. आणि वरिष्ठाने गृहीत धरले की काम समजले, मान्य झाले आणि सुरूही झाले. प्रत्यक्षात कनिष्ठाने ती ओळ आजारी मुलाच्या उशाशी बसून अर्धवट पाहिली होती. सकाळी जो वाद झाला, तो कामचुकारपणाचा नव्हता. तो 'उघडले' आणि 'समजले' या दोन क्रियापदांमधील अंतराचा होता. शिवाय कागदावरील जुन्या हुकुमाला कचेरीची वेळ असे. या हुकुमाला वेळ नाही, रविवार नाही, सण नाही. फ्रान्समध्ये २०१७ पासून अंमलात आलेल्या कायद्याने, पन्नास किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनी कामाच्या वेळेबाहेर संदेशांपासून अलिप्त राहण्याच्या हक्काविषयी कामगारांशी वाटाघाटी कराव्यात, असे बंधन घातले. ऑस्ट्रेलियानेही ऑगस्ट २०२४ पासून असा हक्क मान्य केला. भारतात खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली याच आशयाचे खाजगी विधेयक लोकसभेत मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही. कायदा होईल तेव्हा होवो; पण रात्रीचा संदेश सकाळपर्यंत थांबवून ठेवण्यासाठी कोणत्याही वरिष्ठाला संसदेची अनुमती लागत नाही.

आणखी एक गोष्ट या प्रदेशाच्या स्वभावाशी निगडित आहे. धारवाडी कन्नडात क्रियापदाच्या शेवटी 'री' लावून बोलण्याची गोड रीत आहे. 'बर्री', 'हौद्री', 'कूड्री' यांतील ते 'री' म्हणजे समोरच्या माणसाला दिलेला मान होय. मराठीत तेच काम 'अहो' आणि 'या, बसा' करतात. समोरासमोर बोलताना दोन्ही भाषांतील माणसे हा मान नकळत देत असतात. परंतु कामाच्या संदेशात भाषा इंग्रजीकडे झुकते, वाक्ये तुटक होतात, आणि 'ताबडतोब पाठवा' हे साधे वाक्यदेखील दरडावणीसारखे वाचले जाते. आवाजाचा उतार नाही, चेहऱ्यावरचे हसू नाही. मग ती उणीव चित्रखुणांनी भरून काढण्याचा प्रयत्न होतो. १९९९ साली जपानमध्ये एका दूरध्वनी कंपनीसाठी १७६ चित्रखुणांचा एक संच तयार झाला; आज त्यांची संख्या हजारोंत आहे. तरी जोडलेल्या हातांची एकच खूण नमस्कारालाही चालते, आभारालाही चालते, क्षमेलाही चालते आणि श्रद्धांजलीलाही चालते. जी गोष्ट सर्व ठिकाणी चालते, ती कोणत्याच ठिकाणी पुरती शोभत नाही.

कौटुंबिक जीवनात याचा प्रत्यय सर्वांत तीव्रतेने येतो तो दुःखाच्या प्रसंगी. समूहात सकाळच्या शुभेच्छा, एक विनोद आणि वाढदिवसाचा केक यांच्यामध्ये एक ओळ येते की, अमुक काकांचे पहाटे निधन झाले. त्याखाली क्षणार्धात चाळीस जोडलेले हात उमटतात, आणि एकेचाळिसावा संदेश पुन्हा विनोदाचा असतो. विनोद पाठविणाऱ्याला दोष देता येत नाही. त्याने वरचे काही पाहिलेलेच नसते. पण शोकाकुल घरात त्या दिवशी दूरध्वनी वाजलाच नाही, कारण प्रत्येकाला वाटले की आपले हात जोडून झाले आहेत. ज्या समाजात 'श्री' गाळून लिहिलेल्या पत्राची रीत होती, त्या समाजाने या नव्या माध्यमासाठीही अशी एखादी रीत घडविण्यास काय हरकत आहे? निधनाची वार्ता समूहावर टाकण्यापूर्वी जवळच्या माणसांना प्रत्यक्ष बोलून सांगावी, आणि वार्ता वाचणाऱ्याने हात जोडण्याबरोबर एकदा तरी आवाज ऐकवावा, एवढे पाळले तरी पुष्कळ झाले.

समूहाची दुसरी व्याधी म्हणजे आलेले तसेच पुढे ढकलणे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच माणसांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात कर्नाटकाच्या बीदर जिल्ह्यात अशाच अफवेने हैदराबादच्या एका तरुण अभियंत्याचा बळी घेतला. त्यानंतर एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी संदेश पुढे पाठविण्यास कंपनीने भारतात मर्यादा घातली. परंतु अंगठ्याला यंत्राने घातलेला लगाम मनाला पुरत नाही. पत्राच्या काळी खोटे लिहावयाचे म्हटले तरी कागद, शाई, वेळ आणि स्वतःचे हस्ताक्षर खर्ची घालावे लागे. आज खोट्याला खर्च नाही आणि पाठविणाऱ्याला चेहरा नाही. म्हणूनच ते पुढे पाठविण्याआधी दोन क्षण थांबण्याची जबाबदारी कधी नव्हे इतकी वाढली आहे.

अखेर, संवाद म्हणजे काय याचे उत्तर हुबळीला तिच्याच रेल्वेने केव्हाच देऊन ठेवले आहे. हुबळी हे जुने रेल्वेचे गाव. २००३ पासून दक्षिण पश्चिम रेल्वेचे मुख्यालयही तेथेच आहे. रेल्वेत स्टेशनमास्तर फाटकावरील माणसाला फोन करून गाडी येत असल्याचे कळवितो. 'हो, ऐकले' एवढ्या उत्तराने तेथे भागत नाही. फाटकवाला फाटक बंद करतो, त्याच्याजवळच्या तक्त्यातील पुढचा गुप्त अंक, ज्याला रेल्वेत 'प्रायव्हेट नंबर' म्हणतात, तो सांगतो, आणि स्टेशनमास्तर तो आपल्या वहीत नोंदवितो. हा अंक म्हणजे निरोप नुसता पोहोचल्याची खूण नव्हे; तो समजला आणि त्याप्रमाणे केले गेले, याची एका माणसाने दुसऱ्या माणसाला दिलेली ग्वाही आहे. शेकडो प्रवाशांचे प्राण या साध्या व्यवस्थेवर विसंबून राहिले आहेत.

कचेरीत आणि घरात याहून निराळे काय हवे? वरिष्ठाने कामाचा संदेश पाठवून वर 'कळले का?' असे विचारावे, आणि कनिष्ठाने नुसता अंगठा न दाखविता 'उद्या बारापर्यंत अमुक करतो' असे लिहावे. हा झाला कचेरीतील प्रायव्हेट नंबर. बंगळूरला किंवा परदेशी असलेल्या मुलाने आईच्या लांबलचक ध्वनिसंदेशाला उत्तर देताना, त्यात तिने गुडघेदुखीविषयी आणि अंगणातील पारिजातकाविषयी जे सांगितले, त्यातील एका तरी गोष्टीचा उल्लेख करावा. हा झाला घरचा प्रायव्हेट नंबर. आईला निळी खूण नको असते. आपले बोलणे कोणीतरी ऐकले, एवढेच तिला हवे असते.

धारवाडच्या एका घरात बसून जी. ए. कुलकर्णी ज्या काळात पत्रे लिहीत होते, तो काळ परत येणार नाही, आणि तो यावा असा हट्ट धरण्यातही अर्थ नाही. टपाल संथ होते म्हणून ती पत्रे थोर झाली असे नव्हे. समोरच्या माणसाने काय लिहिले आहे ते पूर्ण वाचून मगच उत्तर देण्याची त्यांची वृत्ती होती, म्हणून ती थोर झाली. त्या वृत्तीला कागद लागत नाही, शाई लागत नाही आणि तिकीटही लागत नाही. चिगरी बसमध्ये मान खाली घालून बसलेल्या त्या प्रवाशाला धारवाडहून हुबळी गाठण्यास जेवढा वेळ लागतो, तेवढ्या वेळात एका माणसाला मनापासून उत्तर लिहून होते. ते एक उत्तर लिहून झाल्यावर त्याने मान वर करून शेजारच्या प्रवाशाला 'कूड्री' म्हणून जागा करून दिली, तर त्या दिवशी त्याच्या हातून दोन संवाद झाले, असे समजावे.